लाकडी ओट्याचा बिब्बा

माझे वडील कुठलीही वस्तू घरात आणण्याआधी एक प्रश्न विचारत, "मेल्यावर ही कुठं जाणार?" माणसांबद्दल त्यांना ही काळजी नव्हती. वस्तूंबद्दल होती. झाडू झिजला की चुलीत जातो, माठ फुटला की मातीत जातो, गोधडी विरली की तिचं पायपुसणं होतं आणि मग ते उकिरड्याच्या खड्ड्यात जातं. असं ज्या वस्तूचं पुढचं ठरलेलं आहे, ती घरंदाज. जिचं ठरलेलं नाही, तिला आमच्याकडे थारा नव्हता. हल्ली या विचाराला मोठमोठी नावं आहेत आणि त्यावर व्याख्यानं होतात म्हणे. आमच्या घरी तेव्हा त्याला "ह्यांचं डोकं फिरलंय" एवढंच म्हणत. म्हणणारी अर्थात माझी आई.

वडील एका शाळेत सुतारकाम शिकवत. आम्ही नगरजवळच्या केडगावात पुणे रस्त्यापासून जरा आत दीड खोलीत राहत होतो. दीड म्हणजे एक खोली आणि एक स्वयंपाकाची जागा. तिथं दोन माणसं एकदम वळली तर एकाला बाहेर जावं लागे. त्यामुळे आलागेला कोणीही असो, तो बाहेर ओट्यावरच बसायचा. ओटा मातीचा आणि पूर्णपणे आईच्या ताब्यातला. दर चार दिवसांनी ती तो शेणानं सारवायची, आणि तो वाळेपर्यंत वडिलांनासुद्धा मागच्या दारानं घरात यावं लागायचं. सारवलेल्या ओट्यावर कोणाचं पाऊल उमटलं तर ते कोणाचं आहे हे तिला मापावरून कळायचं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आधी पाणी गेलं, मग चारा गेला, आणि चाऱ्यामागून गुरं छावणीत गेली. गुरांबरोबर शेणही गेलं. शेणाच्या टंचाईबद्दल कोणी काही लिहीत नाही, पण आमच्या आईला पाण्याच्या टँकरइतकीच तिची चिंता होती. रस्त्यानं एखादी बैलगाडी दिसली तर ती पाटी घेऊन बऱ्याच अंतरापर्यंत मागोमाग चालत जायची. बैलांनाही हे कळत असावं, कारण बहुतेक वेळा ती रिकामीच परत यायची. ओट्याला भेगा पडल्या. एका भेगेत माझं कानातलं पडलं ते आजतागायत सापडलं नाही.

आणि नेमकं त्याच हिवाळ्यात माझं लग्न जमवायचं निघालं.

मी वीस वर्षांची होते, डी.एड. झाले होते आणि तोंडानं फटकळ होते. शेवटची गोष्ट पहिल्या दोन्ही स्थळांना पहिल्या दहा मिनिटांत कळली होती. एकानं विचारलं, "स्वयंपाक येतो का?" मी विचारलं, "तुम्हाला येतो का?" ते स्थळ तिथंच संपलं. दुसरं स्थळ माझ्या आत्यानं आणलेलं होतं, तिच्या यजमानांचा पुतण्या. तो आल्यापासून जाईपर्यंत स्वतःच्या मोटारसायकलीबद्दलच बोलला, म्हणून मी त्याला सांगितलं की तिच्याशीच लग्न करा. आत्या नगरात राहायची. त्या दिवसापासून ती आमच्यावर रागावलेली होती आणि आई तिच्यावर. तिसरं स्थळ मिरजगावचं आलं, तेव्हा आईनं मला बजावलं की या वेळी तोंड उघडायचं ते फक्त घास घ्यायला. मीही मनातून घाबरले होते. तीन स्थळं मोडलेल्या मुलीबद्दल लोक काय बोलतात ते मला ठाऊक होतं.

आता पाहुण्यांना बसवायचं कुठं हा प्रश्न आला. भेगाळलेल्या ओट्यावर बसवणार नाही, असं आईनं जाहीर केलं. शेजाऱ्यांकडे नव्या पद्धतीच्या खुर्च्या आल्या होत्या, लोखंडी नळीच्या आणि नायलॉनच्या रंगीत पट्ट्या ताणलेल्या. पावसात भिजल्या तरी चालतात, उन्हात टाकल्या तरी चालतात, असं शेजारीण कौतुकानं सांगायची. तशा चार घ्यायच्या म्हणून आम्ही तिघं नगरच्या बाजारात गेलो.

दुकानदारानं खुर्ची उलटीपालटी करून दाखवली. वडील तिच्यावर बसले, उठले, पट्टी चिमटीत धरून ताणून पाहिली आणि विचारलं, "मेल्यावर ही कुठं जाणार?"

"काय?"

"ही पट्टी. तुटली की कुठं जाणार? जळणार नाही, कुजणार नाही. मग?"

दुकानदार बिचारा भला माणूस होता. तो म्हणाला, "गुरुजी, आधी जिवंत असतानी तर घरी न्या."

आई दुकानाच्या बाहेर जाऊन उभी राहिली. आम्ही खुर्च्या न घेता परत आलो. येताना वडील मजेत होते, आई बोलत नव्हती आणि मी मधे चालत होते.

दुसऱ्या दिवसापासून वडिलांनी अंगणात कडुलिंबाखाली लाकडी ओटा करायला घेतला. शेजारच्या शेतकऱ्याच्या बांधावरची बाभळ त्या वर्षी उभ्या जागी वाळली होती. तिचे खांब केले, फळ्या काढल्या आणि दोन फळ्यांमधे बोटभर फट ठेवली, म्हणजे धूळ आपोआप खाली जाईल. "याला शेण नको, पाणी नको. रोज फक्त झाडू मारायचा," ते म्हणाले. आईनं हे स्वतःच्या ओट्याचा अपमान म्हणून घेतलं. जोडीला त्यांनी एक बाज बनवली आणि ती घायपाताच्या दोरीनं विणली. घायपात म्हणजे बांधावर वाढणारी ती जाड, काटेरी पात्यांची झाडं, त्यांच्या वाखाची दोरी जन्मभर टिकते. आईनं ती बाज मुकाट्यानं घरात नेली. ती तिला आवडली आहे हे तिनं कबूल केलं नाही.

माझा त्या ओट्यात भाग होता हे सांगायला हवं. संध्याकाळी वडील फळी धरायचे आणि मी रंधा मारायचे. बाभळीचं लाकूड हट्टी, रंधा उड्या मारतो. पण एकदा नीट बसला की फळीवर जी लाल-तपकिरी रेघ उमटते ती बघत राहावीशी वाटते. ओटा पुरा झाला तेव्हा मला वाटलं, नगर जिल्ह्यात याच्यासारखी बसायची जागा नसेल. अजूनही वाटतं.

आता तेलाचं. खरं काय होतं ते आत्ताच सांगून टाकते, कारण आम्हाला ते फार उशिरा कळलं आणि त्या उशिरानंच सगळा घोटाळा केला.

बाभळीचं लाकूड कच्चं वापरलं तर त्याला भुंगा लागतो. म्हणून ते आधी पाण्यात कुजत ठेवतात, ओढ्यात किंवा विहिरीत, चांगले चार-सहा महिने. त्या वर्षी माणसांना प्यायला पाणी नव्हतं, लाकडाला कुठून आणणार? तेव्हा लाकूड तेलावर तगवायचं असं वडिलांनी ठरवलं. भंडारदऱ्याकडे त्यांचे एक मित्र शिक्षक होते. त्यांनी डोंगरातले बिब्बे पोतंभर पाठवले. बिब्बा म्हणजे ते काळं, टणक फळ. त्याच्या तेलाला वाळवी, भुंगा, पाणी, ऊन कोणी शिवत नाही. माणसानंही शिवू नये. कातडीला लागलं की एक-दोन दिवसांनी तिथं फोड येतात, आग होते, खाज सुटते. त्याला आपल्याकडे बिब्बा उतला असं म्हणतात. दुसऱ्याचं जमत आलेलं काम मोडणाऱ्यानं बिब्बा घातला असं आपण म्हणतो, ते काही उगीच नाही.

आईला लहानपणी बिब्बा उतला होता आणि तेव्हापासून तिच्या घरात तो औषधालाही चालत नव्हता. म्हणून वडिलांनी शाळेच्या मागच्या आवारात ते तेल काढलं, जवसाच्या तेलात मिसळलं आणि घरी आणून सांगितलं, "करंजीचं तेल आहे." आम्ही विश्वास ठेवला. वडील खोटं बोलतील असं आमच्या स्वप्नातही येत नव्हतं. त्यांना स्वतःला बिब्बा उतत नसे. तीस वर्षं लाकूड आणि सरस हाताळून त्यांच्या तळहाताची कातडी अशी झाली होती की चुलीतला निखारा ते नुसत्या हातानं उचलून आत सरकवत. त्यांनी ओट्याला वरून, खालून, फटींतून दोनदा तेल चोपडलं आणि म्हणाले, "आता महिनाभर ऊन खाऊ दे. मग याच्यावर तान्हं मूल निजवा."

नवव्या दिवशी मिरजगावचे पाहुणे आले.

मुलगा, त्याची आई आणि त्याचे मामा असे तिघं. मुलाला वडील नव्हते, त्यामुळे सगळा कारभार मामांचा. मामांचा मिरजगावात मांडव आणि पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या भाड्यानं देण्याचा धंदा होता. जगात कुठंही गेले तरी ते आधी लोक कशावर बसलेत ते पाहत. मुलगा गुरांच्या दवाखान्यात नोकरीला, तेव्हा छावणीवर कामाला होता.

आईनं सकाळीच लाकडी ओट्यावर आमची जाड सतरंजी घातली होती. वडिलांनी हातानं फळ्या चाचपून पाहिल्या आणि "कोरडं आहे" असा निर्वाळा दिला. पण त्या सतरंजीला मधोमध ठिगळ होतं आणि तिच्याखाली मी रंधलेल्या फळ्या झाकल्या गेल्या होत्या. मला दोन्ही सहन होईना. पाहुणे फाटकाशी आले तेवढ्यात मी सतरंजी ओढून काढली आणि घडी करून बाजूला धरून उभी राहिले. नंतर जे जे घडलं त्याला मी स्वतः जबाबदार आहे, हे मी कोणाहीपुढे मान्य करते.

मुलाच्या आईला माझी आई आत घेऊन गेली आणि नव्या बाजेवर बसवलं. प्रवासानं थकलेल्या त्या बाईला बाजेवर पाठ टेकताच डोळा लागला आणि ती निघायच्या वेळीच उठली. मामा लाकडी ओट्यावर ऐसपैस बसले, धोतर सावरून, उन्हात.

"हे काय केलंय गुरुजी?" ते म्हणाले. "आमच्याकडून खुर्च्या न्यायच्या की. पत्र्याची खुर्ची लई चिवट. मरतच न्हाई."

"हीच तर भानगड आहे," वडील म्हणाले, आणि मग त्या दोघांचं जे सुरू झालं ते संपेना. मामा पत्र्याचे गुण सांगत होते, वडील बाभळीचे. माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. मुलगी पाहायला आलेत की सामान, असा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता, पण आईची आठवण ठेवून मी तो गिळला.

मुलगा अजून उभाच होता. तो वाकला आणि त्यानं फळीच्या खालच्या बाजूनं हात फिरवला. माणसं वस्तू वरून पाहतात. खालून कोण बघतं? सुतार बघतो आणि सुताराची मुलगी बघते. त्यानं बोटं पाहिली, मिशीवरून फिरवली, रुमालाला पुसली आणि मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं. मी घडी केलेली सतरंजी हातात धरून उभी. मग तो फळीवर बसला, अगदी शांतपणे.

"रंधा कुणी मारलाय?" त्यानं विचारलं.

"या बाजूचा बाबांनी. त्या बाजूचा मी."

"मंग ही बाजू जास्त गुळगुळीत का हाय?" तो माझ्या बाजूच्या फळीवर हात ठेवून म्हणाला.

लग्न करीन तर याच्याशीच, असं मी तिथं उभ्या उभ्या ठरवून टाकलं. इतकी साधी गोष्ट होती. दोन तास ते तिथं बसले, चहा झाला आणि जाताना मामासुद्धा म्हणाले की मुलगी बोलायला शांत आहे.

आठव्या दिवशी मामांचं कार्ड आलं. पोस्टकार्डच, कारण मामा पाकिटाला पैसे घालणाऱ्यांतले नव्हते. आणि कार्ड म्हटलं की ते वाटेत पोस्टमनपासून सगळे वाचणार, म्हणून मामांनी जपून लिहिलं होतं: "आपल्या घरी आमच्या माणसांना बिब्बा घातला गेला. जास्त लिहिणे सभ्यपणास धरून नाही. सबब पुढील बोलणे थांबवावे."

आईनं ते दोनदा वाचलं आणि खाली बसली. वडिलांनी तीनदा वाचलं आणि त्यांचा चेहरा कसनुसा झाला.

"बिब्बा म्हणजे नक्की कुठला?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुठला म्हणजे? बिब्बा म्हणजे तुमची बहीण," आई म्हणाली. "तिच्या यजमानांचा पुतण्या नाकारला म्हणून तिनंच मिरजगावात जाऊन काहीबाही सांगितलं असणार. सभ्यपणानं लिहितासुद्धा येईना असं काय सांगितलं असेल माझ्या पोरीबद्दल?"

वडील बाहेर जाऊन लाकडी ओट्यावरून बराच वेळ हात फिरवत राहिले. मला वाटलं, बापाचं दुःख. आईच्या त्या अवतारापुढे खरं बोलायचा त्यांना धीर झाला नाही, हे आता कळतं.

मी म्हटलं, मला काही फरक पडत नाही. मग स्वयंपाकाच्या जागेत जाऊन भाकरी करपवल्या आणि इतकी रडले की आईला तिथून बाहेर जावं लागलं. मला त्या माणसाचा राग येत होता. फळीची खालची बाजू बघणारा माणूस कोणाच्या तरी सांगण्यावर विश्वास ठेवतो, याचा.

आई आपला राग कधी पोटात ठेवत नसे. टँकरच्या रांगेत तिनं तो मोकळा केला आणि टँकरपेक्षा वेगानं तो नगरात पोचला. चौथ्या दिवशी भर दुपारी आत्या हजर. आत्या वडिलांपेक्षा मोठी, अंगानं दणकट, आवाजानं त्याहून.

"आत या," आई म्हणाली.

"ज्या घरात माज्यावर आळ घेतलाय त्या घराचा उंबरा मी चढनार न्हाई," आत्या म्हणाली आणि लाकडी ओट्यावर मांडी ठोकून बसली. ऊन मी म्हणत होतं. कडुलिंबाला सावलीपुरतीसुद्धा पानं नव्हती. मी सतरंजी पुढे केली तर म्हणाली, "तुमची सतरंजी बी नको." मी पाणी दिलं तर म्हणाली, "पानी बी नको." दीड तास ती तिथं घामानं निथळत बसून आमच्या सात पिढ्यांचा समाचार घेत होती, ज्यांतल्या सहा तिच्याही होत्या. वडील दोनदा म्हणाले, "आक्का, तिथून ऊठ, दुसरीकडे बस." त्यावर ती आणखी पसरून बसली.

तीन दिवसांनी आत्याचे यजमान सायकलवर आले. फार कमी बोलणारा माणूस. त्यांनी वडिलांना बाजूला घेतलं, पण दीड खोलीच्या घराला बाजू अशी नसते, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं.

"तुमची बहीन दोन दिवस उभी हाय," ते म्हणाले.

"उभी?"

"बसता येईना. झोपतीय ती पालथी. वैद्य म्हनला, बिब्बा उतलाय. आता तिथं बिब्बा कसा गेला, ते मला कळंना आन् तिला इचारायची सोय न्हाई."

आईनं वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी जमिनीकडे पाहिलं. मग शाळेतल्या मुलासारखा हात पुढे करून ते म्हणाले, "करंजीचं तेल नव्हतं ते."

आम्हाला वाटलं, आता घर पडणार. ती एवढंच म्हणाली, "सख्ख्या पोरीच्या लग्नात बापानंच बिब्बा घातला." आणि ती हसायला लागली. मी तिला तशी हसताना पूर्वी पाहिली नव्हती. पदरानं डोळे पुसत, भिंतीला धरून हसत होती. मामांच्या कार्डातलं "जास्त लिहिणे सभ्यपणास धरून नाही" आठवलं की पुन्हा पहिल्यापासून.

मी हसले नाही. मला हायसं वाटलं. मिरजगावच्या त्या मुलानं कोणाचं काही ऐकलेलं नव्हतं. त्याला फक्त फोड आले होते.

आई दुसऱ्या दिवशी तीळ आणि सुकं खोबरं वाटून, त्याचा लेप घेऊन आत्याच्या पाया पडायला गेली. आत्यानं लेपही घेतला आणि माफीही दिली, आणि म्हणाली, "मिरजगावला मी जाते. तुमचं कोन ऐकनार? मी पुरावा हाय."

वडील आणि आत्या एसटीनं मिरजगावला गेले. गाडी अर्धी रिकामी होती आणि आत्या दांडा धरून उभी. कंडक्टर तीनदा म्हणाला, "मावशी, जागा हाय, बसा की." तिसऱ्यांदा आत्या म्हणाली, "तू तुजं तिकीट फाड. उभीचं तिकीट येगळं असतं का?" वडील तिच्या शेजारी उभे राहिले. बसायची लाज वाटली, असं ते घरी आल्यावर म्हणाले.

पुढचं आत्याच्याच तोंडून ऐकलेलं. मिरजगावात मामा पालथे पडलेले होते. भोवती त्यांच्या पत्र्याच्या खुर्च्यांची चळत आणि बसायला मात्र घरात कोणीच तयार नाही. आत्या दारात उभी राहून म्हणाली, "दादा, कार्ड तुमी लिवलं ना? त्यो बिब्बा मी घातलेला न्हाई. मला बी घातलाय." वडिलांनी हात जोडून सगळं सांगितलं, बाभळीपासून करंजीपर्यंत. मामांना आधी पटेना. मग आत्यानं आणि मामांनी कुठं, किती आणि कधीपासून याची आडून आडून चौकशी करून पुरावा जुळवला. दोघंही जिथं बोट दाखवायचं तिथं दाखवत नव्हती, तरी पटलं. मुलाची आई तेवढी ठणठणीत होती. ती म्हणाली, "मला तर त्या बाजेवर लई ग्वाड झोप लागली हुती. पोरगी मला पसंत हाय." मामांनी शेवटी होकार दिला, पण एका अटीवर. लग्नाला त्यांची माणसं त्या लाकडावर बसणार नाहीत. बसायला त्यांच्याच पत्र्याच्या खुर्च्या येतील.

वडिलांनी अट मान्य केली. माझ्यासाठी त्यांनी पत्करलेली ती एवढी एकच हार असेल. परत आल्यावर रात्रीच्या जेवणाला म्हणाले, "पत्रा निदान गंजतो तरी. मातीत जातो शेवटी." तेवढ्यावर त्यांनी मनाची समजूत घातली.

पुढच्या आठवड्यात मिरजगावकडून एक टेम्पो आला आणि त्यातून दोन पोती उतरली. मुलीला साडी आली असेल म्हणून शेजारणी गोळा झाल्या. पोत्यांत छावणीतलं शेण होतं. वर चिठ्ठी, "ओट्यासाठी." आईनं ते हातात घेऊन पाहिलं आणि शेजारणींना म्हणाली, "साडी काय, कोणीही देतं." पुढच्या पाच-सहा दिवसांत तिनं आपला मातीचा ओटा तीनदा सारवला.

लग्न वैशाखात, आमच्याच अंगणात झालं. मामांच्या पत्र्याच्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या. मांडवाचं कापड विरळ होतं आणि ऊन त्यातून गाळल्यासारखं खाली येत होतं. अकराच्या सुमाराला त्या खुर्च्या तव्यासारख्या तापल्या. पहिला माणूस बसला तसा उठला. दुसरा उठला. थोड्याच वेळात सगळं वऱ्हाड, मिरजगावकरांसकट, लाकडी ओट्यावर दाटीवाटीनं बसलं होतं. तेल तोवर महिनाभराच्या वर ऊन खाऊन मुरलेलं होतं आणि कोणाला काही झालं नाही. खुर्च्या रिकाम्या आणि ओटा भरलेला बघून वडील अक्षता वाटायच्या विसरले. मामा मात्र अख्खं लग्न उभे होते. आत्याही उभी होती. दोघं एकमेकांकडे बघतही नव्हती.

लग्नानंतर चार-सहा महिन्यांनी आम्ही दोघं केडगावला आलो होतो. संध्याकाळी त्या ओट्यावर बसलो असताना ह्यांनी वाकून पुन्हा फळीखालून हात फिरवला आणि म्हणाले, "आता वास गेला."

"कसला वास?"

"बिब्ब्याचा. छावणीत जनावरांच्या खुरांना लावतो की आमी. त्या दिवशी बोटाला काळं लागलं तवाच कळलं हुतं."

"कळलं होतं? मग मामांना का नाही सांगितलंत?"

"सांगनार हुतो. पन ते पत्र्याच्या खुर्च्यांबद्दल बोलाय लागले."

मला हसू आवरेना. ते थांबल्यावर मी विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही का बसलात?"

त्यांनी माझ्या बाजूच्या फळीवर तळहात ठेवला.

"तू सतरंजी काढून बगत हुतीस," ते म्हणाले. "कोन बसतंय म्हनून."